फुकट धावणारी गाडी

गाडी नवी असो की जुनी, आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ॲव्हरेज किती देते? रंग, किंमत, डिकी हे सगळं नंतर. मालकांनी त्यांची ती गाडी आणली तेव्हा भेटेल त्यानं त्यांना हेच विचारलं, आणि मालकांचं उत्तरही प्रत्येकाला एकच होतं. "अहो, फुकट पडते!"

मला फुकट या शब्दाचाच राग आहे. माझी सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. फुकट काही नसतं, तो खर्च कुणाच्या खात्यात टाकलाय एवढंच शोधायचं असतं, हे मी ऑफिसात नव्यानं आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. त्यामुळे मालकांचं आणि माझं वाजणार हे उघड होतं. वाजलंही, आणि चांगलं वर्ष-दीड वर्ष वाजत राहिलं.

मालक म्हणजे आमच्या कारपूलचे मालक. तसे ते कशाचेच मालक नव्हते. आमच्यासारखेच केंद्र सरकारच्या नोकरीत होते, मूळचे सांगलीकडचे. पण गाडी त्यांची आणि चालवायचेही तेच, म्हणून हे नाव पडलं आणि त्यांनाही ते आवडायचं. बाकी आम्ही तिघं. एक मी. दुसरे सांख्यिकी खात्यातले लातूरचे गृहस्थ, त्यांना आम्ही लातूरवाले म्हणायचो. तिसरी परभणीची मुलगी, परीक्षा देऊन नोकरीला लागलेली, आमच्यात सगळ्यात लहान. रमजानमध्ये तिचे रोजे असले की आम्ही बाकीचे संध्याकाळी गाडीत शेंगदाण्याची पुडी उघडायचो नाही, एवढं ठरलेलं होतं. चौघंही फरीदाबादला जवळजवळच्या सेक्टरांत राहायचो आणि चौघांची ऑफिसं दिल्लीत इंडिया गेटच्या आसपास होती.

मालकांची जुनी डिझेल गाडी होती तोवर हिशेब अगदी सोपा होता. महिन्याचं डिझेल, त्यात बदरपूरचा टोल, भागिले चार. मालकही त्या चारांतले एक. गाडी त्यांची म्हणून त्यांना सूट नाही, आणि आम्ही पैसे भरतोय म्हणून आमच्यावर त्यांचे उपकार नाहीत. महिना संपला की फोनवरून पैसे जायचे आणि पुढं महिनाभर पैशाचं कुणी नाव काढायचं नाही. इतका कोरडा व्यवहार होता म्हणूनच आमचं इतकं जमायचं, असं मला अजून वाटतं.

मालकांसाठी हा कारपूल म्हणजे काय होता ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं. त्यांच्या पत्नी वारल्यापासून ते घरात एकटे होते. मुलगा कॅनडात, फोन रविवारी. शेजारी पंजाबी, वरच्या मजल्यावर हरियाणवी, कामाला येणारी बाई बिहारची, ऑफिसात सगळा कारभार हिंदी-इंग्रजीत. मराठी बोलायला मिळायचं ते गाडीत, सकाळी तासभर आणि संध्याकाळी आश्रम चौकाच्या जाममध्ये अडकलो तर दीड तास. आम्ही जामला शिव्या द्यायचो, ते कधी द्यायचे नाहीत. एकदा म्हणाले होते, "ऑफिस काय, गाडीतून उतरून मधल्या वेळात करायचं काम आहे." आम्ही हसलो, पण ते चेष्टा करत नव्हते. सुट्टीच्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला की ते कळायचं.

मग डिझेल गाडीला दहा वर्षं झाली. दिल्लीत दहा वर्षांनंतर डिझेल गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मग ती कितीही ठणठणीत असो. मालकांनी ती राजस्थानातल्या कुणाला तरी विकली आणि पंधरा दिवस पूल बंद राहिला. त्या पंधरा दिवसांत ते मेट्रोनं यायचे आणि रोज कुणाला ना कुणाला फोन करून विचारायचे, आज तुम्ही कुठल्या डब्यात होता. आम्हाला वाटलं, आता साधीशी पेट्रोल गाडी घेतील. त्यांनी आणली ती परदेशी बनावटीची, जुनी पण चकचकीत प्लग-इन हायब्रिड. कुठल्याशा कंपनीच्या बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याकडून घेतलेली. नुसती विजेची गाडी का नाही घेतली, असं लातूरवाल्यांनी विचारलं तर म्हणाले, "गावाकडं जायचं झालं तर वाटेत प्लग शोधत बसू का? रोजच्याला वीज, लांबच्याला पेट्रोल. दोन्ही डगरींवर हात!" गावाकडं गाडीनं ते गेल्या कित्येक वर्षांत गेले नव्हते, हे मी तेव्हा बोलले नाही.

पहिल्या दिवशी गाडीत बसलो आणि ती आवाजच न करता निघाली. परभणीची म्हणाली, "सर, चालू आहे ना?" मालक खुश. समोरच्या स्क्रीनवर ॲव्हरेज दिसत होतं, लिटरला नव्व्याण्णव किलोमीटर. त्याच्या वरचा आकडा दाखवायची त्या स्क्रीनची सोयच नव्हती. लातूरवाल्यांनी वाकून दोनदा वाचलं. "यार, हे तर स्कूटरचं पण बाप आहे," ते म्हणाले. मालक मागं वळून माझ्याकडं बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "मालक, पुढं बघा. आणि इंजिन चालूच नाहीये तर पेट्रोल कुठनं जाईल? घरात बसून राहिलं तरी लिटरला नव्व्याण्णव पडेल."

माझा नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. कंपनीच्या बसनं जातो आणि घरी आल्यावर गाड्यांवर बोलायचा त्याला कंटाळा येतो. तरी मी त्याला जेवताना धरलं. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. "एका गाडीत दोन गाड्या आहेत. जवळ गेलात तर विजेवरची, लांब गेलात तर पेट्रोलवरची, आणि बॅटरी संपली की पेट्रोलवाली गाडी त्या बॅटरीचं ओझं वाहत पळते. त्या गाडीला ॲव्हरेज किती असं विचारायचंच नसतं, रोज कुठं जाता आणि रोज प्लग लावता का, हे विचारायचं."

आम्ही कुठं जायचो ते ठरलेलं होतं, एका बाजूचे पंचवीस-तीस किलोमीटर. कंपनीच्या कागदावर ती गाडी विजेवर पन्नास किलोमीटर जायची. दिल्लीच्या रस्त्यावर, चार माणसं, चार डबे आणि एसी घेऊन ती बऱ्या हवेत चाळीसच्या आत-बाहेर जायची. म्हणजे सकाळी ऑफिसपर्यंत विजेवर आरामात. मालकांच्या ऑफिसच्या आवारात चार्जिंगचे दोन खांब होते, पण तिथं बहुतेक वेळा सरकारी गाड्याच लागलेल्या असायच्या. खांब मिळाला तर संध्याकाळही विजेवर. नाही मिळाला तर सरिता विहारच्या आसपास कुठं तरी इंजिन घुरघुरायला लागायचं, आणि तिथून पुढं ती गाडी जुन्या डिझेलपेक्षा जास्त प्यायची. स्क्रीनवरचा आकडा खाली उतरायला लागला की मालक रेडिओचा आवाज वाढवायचे.

पहिला महिना संपला. लातूरवाल्यांनी नेहमीसारखा निरोप टाकला, किती झाले? मालकांचं उत्तर आलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत विषय काढला तर म्हणाले, "घरच्या प्लगवर लावतो मी ती. घरच्या विजेचे पैसे घेऊ का तुमच्याकडून? घरी आलात तर चहाचे घेतो का?"

"आणि पेट्रोल?" मी विचारलं.

"टाकी अजून पहिलीच चालू आहे."

"आणि टोल?"

"ऑडिटबाई, सुबह सुबह नको ना."

झालं. त्या दिवसापासून गाडीत काही तरी बिघडलं. सांगायला सोपं आहे, माणूस चांगुलपणानं म्हणतोय नको, तर नको द्यायचे. पण रोज, महिनोन् महिने, दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसायचं म्हणजे माणूस मिंधा होतो. घरी माझी लेक म्हणाली, "मिंधा म्हणजे?" ती इथंच वाढलेली आहे. मी तिला हिंदीत सांगायला गेले तर एहसानच्या पुढं मला शब्द सापडेना, आणि एहसान त्याला पुरत नाही. शेवटी म्हटलं, समोरच्यानं काही मागितलेलं नसताना आपली मान आपोआप खाली जाते ना, ते. पटलं की नाही माहीत नाही, पण गाडीत आमचं तिघांचं तेच चाललं होतं. पूर्वी मी मालकांना बिनधास्त म्हणायचे, खिडकी लावा, धूर येतोय. आता म्हणायच्या आधी विचार करायला लागले. लातूरवाले पाच मिनिटं उशीर झाला की पूर्वी हसत यायचे, आता धापा टाकत यायला लागले. गप्पा चालू होत्या, पण त्यातलं भांडण गेलं, आणि भांडणाशिवाय आमच्या गप्पा अळणी होत्या.

मग प्रत्येकानं आपापली परतफेड सुरू केली. लातूरवाल्यांच्या घरून दर आठवड्याला मालकांसाठी काही तरी डबा यायला लागला, शेंगाचटणी काय, धपाटे काय. मी त्यांच्या वीजबिलाचा अंदाज काढून तेवढ्याचे काजू नेऊन दिले आणि त्यांनी ते आम्हालाच गाडीत वाटले. परभणीची सगळ्यांत हुशार निघाली. टोलच्या टॅगमध्ये गाडीचा नंबर टाकून कुणीही पैसे भरू शकतं. तिनं गुपचूप भरले. मालकांच्या फोनवर बँकेचा संदेश आला आणि ते दोन दिवस चिडलेले होते. कुणी भरले ते कुणी सांगेना. पुढच्या महिन्यात मी भरले, त्याच्या पुढच्या महिन्यात लातूरवाल्यांनी. मालकांच्या टॅगमध्ये इतके पैसे साठले की त्या गाडीनं गावापर्यंतचे सगळे टोल पार केले असते. एका सकाळी ते स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "मला विकत घेताय का तुम्ही?"

त्यानंतर लातूरवाल्यांची मेट्रो सुरू झाली. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. मीही कारणं काढायला लागले, आज जरा लवकर मीटिंग आहे, आज उशीर होईल. मालक दारात गाडी पुसत उभे असायचे आणि बसायला एकटी परभणीची. तिनं मला फोन करून सांगितलं, "मॅडम, सर आज पूर्ण रस्ता काहीच बोलले नाहीत. मला फार कसंतरी झालं." मलाही झालं. मला राग आला तो मालकांचा, आणि तो त्या स्क्रीनचाही आला. हा माणूस आपल्याच हातानं आपलं एकुलतं एक सुख मोडत होता, आणि ते केवळ गाडी फुकट पडते हे दाखवायसाठी, असं मला वाटत होतं.

मी ठरवलं, ही गाडी फुकट पडत नाही हे त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं. आता बघा, साधारण गाडीत खर्च किती जास्त आहे हे मालक सांगतो आणि बसणारे कुरकुर करतात. आमच्या गाडीत मी मागच्या सीटवरून ओरडत होते की खर्च जास्त आहे, जास्त आहे, आणि मालक पुढून म्हणत होते, काहीच नाही. मी म्हणायचे, तुमचं वीजबिल वरच्या टप्प्यात गेलं, म्हणजे पंख्याची वीजही महाग झाली, ती कोण धरणार? मीटरमधून जेवढी वीज जाते तेवढी सगळी बॅटरीत उतरत नाही, वाटेत काही गरम होऊन उडते. इंजिन चालवा नाही तर नका चालवू, वर्षाला तेल बदलावंच लागतं. टायर परदेशी मापाचे. सर्व्हिसिंगला दोन गाड्यांचं बिल येतं. ते म्हणायचे, "बिल्कुल नाही." त्यांना खोटं बोलता यायचं नाही, म्हणून ते एवढंच बोलायचे.

जानेवारीत हे प्रकरण टोकाला गेलं. त्या गाडीचा हीटर लावला की इंजिन आपोआप सुरू व्हायचं, कारण तिला ऊब इंजिनाकडूनच मिळायची. इंजिन सुरू झालं की पेट्रोल जाणार, आणि पेट्रोल गेलं की माझं खरं ठरणार. म्हणून मालकांनी हीटर लावायचाच बंद केला. दाट धुक्यात आम्ही चौघं कानटोप्या, शाली, हातमोजे घालून बसलेलो. आमच्या श्वासानं आतून काच धुरकट व्हायची आणि पुढं बसलेल्या लातूरवाल्यांकडं ती रुमालानं पुसायचं काम होतं. बदरपूरच्या पुलावर परभणीची शिंकायला लागली. एकदा, दोनदा, थांबेचना. मी दोन सीटच्या मधून हात घातला आणि हीटरचं बटण दाबलं.

इंजिन सुरू झालं. 

"हा आवाज फुकट आहे का, मालक?" मी विचारलं.

 गरम हवा यायला लागली, काच आपोआप स्वच्छ झाली. लातूरवाल्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि म्हणाले, "चलो, माझी तर नोकरी गेली." आधी परभणीची हसली, मग मालक. हसता हसताच म्हणाले, "बरं. पेट्रोलचे घेतो. टोलचे घेतो. विजेचे मात्र एक पैसा घेणार नाही." पुष्कळ झालं असं मला वाटलं. पेट्रोल आणि टोल, भागिले चार. पुढच्या आठवड्यापासून लातूरवाल्यांची मेट्रो सुटली आणि गाडीत परत भांडणं सुरू झाली, निवडणुका, आमटीत गूळ, क्रिकेट, सगळ्यावर. मालक आश्रमच्या जाममध्ये पुन्हा खुशीत बसायला लागले. जाममध्ये विजेवर उभं राहायला तसंही काही लागत नाही, हे ते मला रोज ऐकवायचे आणि तेवढं खरंही होतं.

पण ते साठीला आले होते. एप्रिलअखेर ते निवृत्त होणार हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही चौघांनीही तो विषय टाळला होता. निरोपाच्या दिवशी ऑफिसनं शाल आणि घड्याळ दिलं.  प्रत्येकाला उतरवताना ते म्हणाले, "सोमवारी नेहमीच्या वेळेला."

"मालक, सोमवारी तुम्ही कुठं जाणार?" मी विचारलं.

"दिल्लीत मला ढीगभर कामं आहेत. पेन्शनचे कागद आहेत, डोळ्यांचा डॉक्टर आहे. जातोच आहे तर तुम्ही बसा." मग म्हणाले, "आणि हो, आता पैसे बंद. नोकरी होती तोवर ठीक होतं, एकत्र जात होतो. आता घेतले तर मी टॅक्सीवाला झालो."

मी बरं म्हटलं. लातूरवाल्यांनीही मान डोलावली. महिनाभर डोळ्यांचा डॉक्टर आणि पेन्शन यावर आम्ही विश्वास ठेवला, म्हणजे ठेवल्याचं दाखवलं. आता ऑफिसचं आवार त्यांना बंद झालं होतं, तिथले खांबही. म्हणजे संध्याकाळी निम्म्याहून जास्त रस्ता पेट्रोलवर. आणि दुपारी घरी जाऊन परत येत असतील तर ती फेरीही पेट्रोलवर. मे महिन्यात पूर्ण एसी. मागच्या सीटवर बसून माझ्या डोक्यात आपोआप हिशेब चालायचा आणि मला नीट बोलता यायचं नाही. पेन्शनमधून हा माणूस आम्हाला फुकट दिल्लीला पोचवत होता. परत तीच मिंधेपणाची गत, आधीपेक्षा वाईट, कारण आता आपण नाही म्हटलं तर काय होईल हेही कळत होतं. लातूरवाले एक दिवस गाडीतून उतरल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, मी पुढच्या महिन्यापासून मेट्रोचं बघतो. यांना खड्ड्यात घालून मला गारव्यात नाही बसवत."

त्याच आठवड्यात माझी वहिनी गावाहून तपासणीसाठी दिल्लीला आली होती आणि कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात उतरली होती. मी दुपारी सुट्टी टाकून तिला भेटायला गेले. जेवायला आम्ही खाली कॅन्टीनमध्ये आलो, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी मालक बसलेले. ताट उचललेलं होतं, पुढं ताकाचा रिकामा पेला आणि कालचं मराठी वर्तमानपत्र. मी वहिनीला जेवायला बसवलं आणि त्यांच्याकडं गेले. वाढणारा म्हणाला, "मॅडम, साहेब तुमचे ओळखीचे? रोज असतात. आम्ही बंद करतो तेव्हा उठतात, मग बाहेर झाडाखाली बसतात."

मालकांनी पेपर घडी घातला. चोरी पकडल्यासारखे ते लाजले नाहीत, थकल्यासारखे दिसले.

"घरी का नाही जात?" मी विचारलं.

"घरी जाऊन परत यायचं म्हणजे चार फेऱ्या होतात. त्यातल्या दोन पेट्रोलवर." ते खाली बघून म्हणाले, "बॅटरी संपली की फार पिते हो ती. अकराच्या वर देत नाही. मी पाहिलंय टाकी भरून भरून. दोन फेऱ्यांत भागवलं तरच जमतं. तुमचं बरोबर होतं, ऑडिटबाई. फुकट नाही पडत."

वाद मी जिंकले होते. तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत हा माणूस उन्हाळ्यात झाडाखाली बसून राहत होता, कारण त्याला आमच्याबरोबर जाण्याचा एक तास आणि येण्याचा दीड तास हवा होता.

मी खुर्ची ओढून बसले. ते म्हणाले, "घेतो मी पैसे. टॅक्सीवाला तर टॅक्सीवाला. काय बसतील ते तुम्हीच ठरवा. फक्त बंद करू नका. लातूरवाले बंद करणार आहेत, कळतं मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीतच सांगितलं. यापुढं पैसे माझ्याकडं जमतील. पेट्रोल, टोल आणि वीजसुद्धा, विजेचा आकडा मी काढेन आणि त्यावर वाद चालणार नाही. मालकांनी दुपारी घरी जायचं, पंख्याखाली झोपायचं, प्लग लावायचा आणि भरलेली गाडी घेऊन संध्याकाळी परत यायचं. दुपारी घरी लावली तर संध्याकाळी ती निदान दिल्लीपर्यंत तरी विजेवर येते, मग परत जाताना पेट्रोल पिईल तर पिऊ दे. चार फेऱ्यांचा खर्च पूलचा.

लातूरवाले लगेच म्हणाले, "बिल्कुल बरोबर. काम आपलं तिघांचं, सर तर आपल्यासाठी येतात. भागिले तीन करा."

त्यांना भलंच करायचं होतं. पण मी आरशात मालकांचा चेहरा पाहिला. त्यांनी नुसती मान हलवली, आणि ती मान भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर हलवतो तशी होती.

"तीन नाही," मी म्हटलं. "चार. मालक, तुम्हालाही भरावे लागतील. पूलमध्ये आहात तर सूट नाही."

लातूरवाले वळून माझ्याकडं बघायला लागले, की ही बाई पेन्शनरकडून त्याच्याच गाडीचं भाडं घेते. परभणीची मात्र खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होती.

"चार?" मालकांनी विचारलं.

"चार."

"आणि उशिरा भरले तर?"

"दंड."

 बदरपूरला टोलच्या रांगेत गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ त्यात बोटं मारत बसले. मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. माझा फोन वाजला. त्यांचा हिस्सा आला होता, अजून आकडा ठरायचा होता, म्हणून त्यांनी अंदाजानं भरला होता आणि तो जास्त होता.